नखचिवानला जायच्या आधी हे वाच

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू नखचिवानचं सांगितलंस आणि आई लगेच लग्नात कुठली साडी नेसायची त्यावर गेली, मग तुझी मीटिंग आली आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून आज सकाळपासून टाईप करत बसलोय. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे, घरच्यांनी मनापासून बोलावलंय, तिकीट काढलंस, फार छान केलंस. बाहेरून आलेली माणसं बाकू बघतात, फार तर शेकी नाहीतर गबाला बघतात आणि परत जातात, नखचिवानला कोण जातंय. तू चालली आहेस तर त्या जागेचं काय प्रकरण आहे ते माहीत करून जा, नाहीतर जेवणाच्या टेबलावर ती म्हातारी माणसं जे बोलतील ते तुझ्या डोक्यावरून जाईल.

तुला माहितीये माझी सगळी नोकरी रेल्वेत ट्रॅफिक साईडला गेली, त्यामुळे कुठलाही प्रदेश मी आधी त्याच्या लाईनीवरून वाचतो, गाडी कुठून येते, कुठे थांबते, पुढचा सेक्शन कोणाच्या ताब्यात आहे. नखचिवान तर असा प्रदेश आहे की तो दुसऱ्या कुठल्या पद्धतीने कळतच नाही. तिथली सगळी गोष्ट एकाच प्रश्नाभोवती फिरते, रस्ता कोणाच्या हातात आहे.

आता फोनमध्ये नकाशा उघड. अझरबैजानचा मुख्य देश कॅस्पियनच्या काठी, तू राहतेस तो. त्याच्या नैऋत्येला थोडं अंतर सोडून त्याच रंगाचा एक तुकडा वेगळा पडलेला दिसेल, तेच नखचिवान. मधे आर्मेनियाचा स्युनिक नावाचा प्रांत आहे, वरून खाली लांबट पसरलेला, आणि अगदी दक्षिणेला मेघ्रीजवळ तो इतका अरुंद होतो की इकडून तिकडे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. नखचिवानच्या उत्तरेला आणि पूर्वेला आर्मेनिया, दक्षिणेला आणि पश्चिमेला इराण, आणि वायव्येच्या टोकाला तुर्कस्तानशी काही किलोमीटरची एक चिमुकली सीमा. अख्खा प्रदेश साधारण साडेपाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या दीड गोव्याएवढा, आणि लोकवस्ती साडेचार लाखांच्या आसपास. स्वायत्त प्रजासत्ताक म्हणतात त्याला, स्वतःची संसद आहे, अली मजलिस नावाची, ४५ जागांची. पण खरी सत्ता किती आणि कोणाकडे हा वेगळा विषय आहे, एकाच माणसाने १९९५ पासून २०२२ च्या डिसेंबरपर्यंत तिथला कारभार बघितला यावरून काय ते समज.

विमान तासाभराचं आहे, खिडकीची सीट घे. खाली उतरायला लागलीस की डोंगर बघ, आपल्या सह्याद्रीसारखे हिरवे नाहीत, लाल, पिवळे, राखाडी, मधेच हिरवट झाक मारणारे, अंगावर झाड म्हणून नाही. पूर्वेची झंगेझूरची रांग सगळ्यात उंच, तिच्यावर कापीजिक शिखर ३,९०० मीटरच्या पुढे जातं, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि नेमकी हीच रांग आर्मेनियाची सीमा आहे. उत्तरेला दारालायाझची रांग. म्हणजे दोन बाजूंनी डोंगरांची भिंत आणि तिसऱ्या बाजूने आरास नदी, तिलाच तिथले लोक आराझ म्हणतात, पलीकडे इराण. बहुतेक सगळा भाग हजार मीटरच्या वर आहे, सपाट जमीन फक्त नदीकाठी, शारूरच्या बाजूला चांगली रुंद आणि ऑर्दूबादकडे जाता जाता निमुळती होत गेलेली. शहराबाहेर पडलीस की इलांदाग दिसेल, इलांदाग म्हणजे सापांचा डोंगर, २,४१५ मीटर, सुळक्यासारखा एकटा उभा आणि माथ्यावर खाच. तिथे सगळे सांगतील की नूहची नौका पाणी ओसरताना या सुळक्याला घासून गेली, म्हणून ती खाच पडली. नूहची कबरही दाखवतात शहरात, २००६ मध्ये नव्याने बांधून काढलेली. हवा स्वच्छ असली तर शारूरकडून तुर्कस्तानातला अरारात पर्वतही दिसतो.

डोंगर ढग अडवतात, म्हणून खाली मैदानात वर्षाला दोनशे-तीनशे मिलिमीटरच पाऊस, आपल्या माणदेशातसुद्धा याहून जास्त पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि थंडीत उणे वीसच्याही खाली. मग शेती कशावर, तर वरच्या बर्फाच्या पाण्यावर. आरासला मिळणाऱ्या छोट्या छोट्या नद्या, नखचिवानचाय, अलिंजाचाय, अर्पाचाय, आणि जिथे नदी नाही तिथे कहरीज. कहरीज नक्की बघ चिऊ, कोणालाही विचार, दाखवतील. डोंगराच्या पायथ्याला विहीर खणून पाणी लागलं की तिथून गावापर्यंत जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा काढायचा, मधे मधे साफसफाईसाठी उभी भोकं ठेवायची, पाणी आपोआप वाहत येतं, पंप नको की वीज नको आणि उन्हाने वाफही होत नाही. तुला हे ओळखीचं वाटेल कारण संभाजीनगरला मामाकडे जायचो तेव्हा आपण नहर-ए-अंबरी बघितली होती, मलिक अंबरची, तेच तंत्र, इराणच्या पठारावरून एक शाखा कॉकेशसला गेली आणि एक दख्खनला आली. मला याचं फार अप्रूप वाटतं, की इतक्या लांबच्या दोन कोरड्या मुलखांनी पाण्याची सोय एकाच पद्धतीने केली.

आणि मीठ. शहराजवळ दुजदाग आहे, मिठाचा डोंगर, तिथे माणूस किमान सहा हजार वर्षांपासून मीठ खणतोय असं पुरातत्त्ववाले सांगतात, जगातल्या सगळ्यात जुन्या मीठखाणींपैकी एक. आता त्याच्या एका बोगद्यात दम्याच्या पेशंटसाठी दवाखाना आहे, लोक रात्री आत झोपायला जातात, सोव्हिएत काळापासून चालू आहे. तुला लहानपणी दम लागायचा ते आठवून आई म्हणाली तिला तिथे एक रात्र झोपवा. बघ जमलं तर.

आता मुख्य गोष्टीवर येतो. डोंगरांच्या मुलखात सगळ्यात सोपी वाट नदीची असते, आणि आरासचं खोरं ही पूर्व-पश्चिम जाणारी तशी वाट आहे. तबरीझकडून येणारा व्यापारी, अनातोलियाकडे जाणारा काफिला, सगळे इथून. म्हणूनच बाराव्या शतकात एल्दिगुझ घराण्याच्या अताबेगांच्या काळात नखचिवान मोठं राजधानीचं शहर झालं, आणि तिथे अजमी नावाचा एक स्थपती होऊन गेला, त्याचं काम तुझ्या राहण्याच्या जागेपासून चालत जाण्यासारखं असेल. ११६२ ची युसूफ इब्न कुसेयिरची आठकोनी समाधी आणि ११८६ ची मोमिने खातूनची दहा बाजूंची. मोमिने खातूनसमोर घाई करू नकोस. नुसती भाजलेली वीट आणि मधे मधे फिरोजी रंगाचा तुकडा, एवढ्यावर त्या माणसाने दहाच्या दहा बाजूंवर वेगवेगळी नक्षी भरली आहे, एका बाजूची दुसरीशी जुळत नाही, आणि ती नक्षी वरून चिकटवलेली नसून भौमितिक जाळी आणि अक्षरं मिळून भिंतच तशी उभी केली आहे. आपले ताजमहालाचे कौतुक करणारे लोक विसरतात की त्याच्या साडेचारशे वर्षं आधी हे झालेलं आहे.

ज्या वाटेने काफिले येतात त्याच वाटेने फौजाही येतात. मंगोल आले, तैमूर आला. अलिंजाचा किल्ला बघ, कड्यावर पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेला, तैमूरच्या सैन्याला तो १३८७ पासून चौदा वर्षं पुरून उरला. किल्ले बघत वाढलेल्या मुलीला मी अजून काय सांगू, चढून जा, पाण्याची टाकी कशी खोदली आहेत ते बघ.

पण सगळ्यात जास्त मला सांगायचंय ते ज्युल्फाबद्दल, आणि हे तुला तिथे कोणी सांगणार नाही. आरासच्या काठी ज्युल्फा म्हणून गाव आहे. जुनं ज्युल्फा हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचं गाव होतं, इराणचं कच्चं रेशीम युरोपपर्यंत पोचवणारे लोक, प्रचंड श्रीमंत. १६०४ मध्ये इराणचा शाह अब्बास आणि तुर्क यांच्या लढाईत शाह मागे हटला, आणि तुर्कांच्या हाती काहीच लागू नये म्हणून त्याने अख्खं खोरं रिकामं केलं, गावं जाळली, लोकांना आरास ओलांडायला लावली, किती बुडून मेले त्याचा हिशोब नाही. ज्युल्फाच्या लोकांना त्याने इस्फहानला नेऊन वसवलं, ती वस्ती आजही नवं ज्युल्फा म्हणून आहे. आणि त्या नव्या ज्युल्फाचे व्यापारी कुठवर पोचले, तर सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तिथे आर्मेनियन व्यापारी होतेच. तू फोर्टात नोकरीला होतीस तेव्हा मेडोज स्ट्रीटवरून रोज जायचीस, तिथे आर्मेनियन चर्च आहे, १७९६ चं, मुंबईतल्या त्या छोट्या आर्मेनियन समाजाचं मूळ शोधत मागे मागे गेलीस तर वाट इस्फहानवरून या आरासच्या काठालाच येते.

लोक गेले, पण जुन्या ज्युल्फात त्यांचं कब्रस्तान राहिलं, हजारो खाचकार, म्हणजे माणसाएवढ्या उभ्या दगडावर कोरलेला क्रॉस आणि त्याभोवती जाळीदार नक्षी. ते कब्रस्तान आता नाही. १९९८ पासून टप्प्याटप्प्याने फोडलं आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये उरलेलंही संपवलं, नदीपलीकडून इराणच्या बाजूने कोणीतरी व्हिडिओ काढला, त्यात वर्दीतली माणसं घण घालताना दिसतात. २००६ मध्ये युरोपियन पार्लमेंटने ठराव केला, २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने उपग्रहाची चित्रं तपासून सांगितलं की दगड नाहीसे झालेत. अझरबैजानचं सरकार म्हणतं असं काही झालंच नाही. मला हे वाचून खूप त्रास झाला. मोमिने खातूनची नक्षी आणि खाचकारांची नक्षी शेजारी ठेवून बघितलीस तर एकाच खोऱ्यातल्या कारागिरांचा हात कळतो. तुझ्या मैत्रिणीच्या घरी हा विषय काढ असं मी म्हणत नाही, पाहुणी म्हणून चालली आहेस, पण तू स्वतः हे माहीत असल्याशिवाय तिथली सुंदर समाधी बघावीस हे मला पटत नाही.

पुढचं भराभर सांगतो. अठराव्या शतकात तिथे नखचिवानची खानेशाही होती, इराणच्या छत्राखाली, आणि १८२८ मध्ये तुर्कमेनचायच्या तहाने इराणने तो मुलूख रशियाला दिला, आपल्याकडे पेशवाई जाऊन दहा वर्षं झाली होती. आरास ही तेव्हापासून आंतरराष्ट्रीय सीमा, एकाच भाषेचे अझेरी लोक अर्धे इकडे अर्धे तिकडे. त्याच तहानंतर इराणमधून बरेच आर्मेनियन लोक इकडे आणून वसवले. रशियाने मग तिफलिस, म्हणजे आजचं तिबिलिसी, आणि येरेवान, म्हणजे आर्मेनियाची आजची राजधानी, यांच्यावरून रेल्वे लाईन आणली ती १९०८ पर्यंत ज्युल्फाला पोचली. लक्षात घे, नखचिवानची पहिली लाईन बाकूवरून आलेली नाही, येरेवानवरून आली. तेव्हा सगळं झारचंच होतं, कोणाला काय फरक पडत होता.

फरक पडला १९१७ नंतर. झार गेला, आणि १९१८ ते १९२० या काळात जे झालं ते आपल्या फाळणीत पंजाबात झालं तसं होतं. आर्मेनियन टोळ्यांनी झंगेझूरची, म्हणजे आजच्या स्युनिकमधली, मुसलमान गावं जाळली, इकडे अगुलिससारख्या आर्मेनियन गावांत कत्तल झाली, काही महिने तर आराझ प्रजासत्ताक नावाचा एक देशच नखचिवानमध्ये होता, मग इंग्रज आले, मग आर्मेनियाचं प्रशासन, मग बंड, मग १९२० च्या जुलैत लाल सेना. आता प्रश्न आला की हा तुकडा कोणाला द्यायचा. झंगेझूरच्या डोंगरात आर्मेनियन लढवय्ये १९२१ च्या मध्यापर्यंत अडून बसले, त्यामुळे तो भाग शेवटी आर्मेनियाकडे गेला. आणि नखचिवान आर्मेनियाला जाऊ नये असा तुर्कस्तानचा हट्ट, सोव्हिएत रशियाला तेव्हा तुर्कस्तानची मैत्री हवी होती, म्हणून १६ मार्च १९२१ च्या मॉस्को तहात आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरच्या कार्सच्या तहात लिहून टाकलं की नखचिवान अझरबैजानच्या संरक्षणाखाली स्वायत्त राहील. १९२४ मध्ये त्याचं स्वायत्त सोव्हिएत प्रजासत्ताक झालं. म्हणजे मधली पट्टी एकाकडे आणि तिच्या पलीकडचा तुकडा दुसऱ्याकडे, ही रचना तेव्हाच ठरली. सोव्हिएत काळात ती फक्त नकाशावरची रेघ होती. १९४१ मध्ये तर बाकूहून थेट मेघ्रीमार्गे आरासच्या काठाकाठाने ज्युल्फापर्यंत लाईन झाली, लोक रात्री बाकूत गाडीत बसायचे आणि आर्मेनियातून जातोय हे कळायचंही नाही. तुझ्या मैत्रिणीच्या आजी-आजोबांनी त्या गाडीने प्रवास केला असणार, त्यांना नक्की विचार.

वेगळ्या पडलेल्या तुकड्याला रस्ता बंद झाला की काय होतं हे आपल्याला माहीत असायला हवं, कारण आपल्या शेजारीच झालंय. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांची होती पण दमणपासून तुटलेली, मधे भारताची जमीन. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ती मुक्त केली, आपले सुधीर फडके त्यात होते हे तुला ठाऊक आहे. भारताने पोर्तुगिजांना मधून जायला वाट दिली नाही, आणि ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० चा निकाल आहे, न्यायालय म्हणालं की साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळण्याचा हक्क पूर्वीपासून होता, पण सैन्य, शस्त्रं, पोलीस यांना नव्हता, आणि भारताने वाट अडवली त्यात भारताचं चुकलं नाही. आता आर्मेनिया-अझरबैजानमध्ये जो वाद तीस-पस्तीस वर्षं चाललाय तो अगदी याच मुद्द्यावर आहे, वाट द्यायची तर कोणाला, कशाला, आणि त्या वाटेवर तपासणी कोणाची.

१९८८ पासून काराबाखवरून पेटलं, म्हणजे अझरबैजानमधल्या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ मुलखावरून. आर्मेनियातले अझेरी सगळेच्या सगळे निघून आले, नखचिवानमध्ये उरलेले थोडे आर्मेनियनही गेले. १९२६ मध्ये तिथे ते साधारण अकरा टक्के होते, १९७९ मध्ये दीड टक्काही नव्हते, नंतर शून्य. १९८९ मध्ये अझरबैजानने आर्मेनियाकडे जाणाऱ्या गाड्या अडवल्या, आणि मेघ्रीत नखचिवानकडे जाणाऱ्या अडल्या. दोन्हीकडून नाकेबंदी, आणि दोन्हीकडे थंडीत मेली ती साधी माणसं. १९८९ च्या ३१ डिसेंबरला नखचिवानच्या लोकांनी आरासकाठचं सोव्हिएत कुंपण उखडून टाकलं आणि पलीकडच्या नातेवाइकांना हाका मारल्या, तो दिवस अझरबैजानमध्ये अजून पाळतात, तुला सुट्टी असते ना, तीच. पुढच्याच महिन्यात बाकूत सोव्हिएत रणगाडे घुसले, आणि त्याचा निषेध म्हणून नखचिवानने आपण सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडतोय असं जाहीर केलं, लिथुआनियाच्याही काही आठवडे आधी. केवढं धाडस आहे बघ, चारी बाजूंनी अडकलेल्या एवढ्याशा तुकड्याचं.

त्यानंतरचे हिवाळे भयंकर होते. गॅस आर्मेनियामधून यायचा तो बंद, वीज बंद, रेल्वे बंद, आणि बाहेर उणे वीस. लोकांनी बागांमधली, रस्त्यावरची झाडं तोडून जाळली. १९९२ च्या मे महिन्यात आर्मेनियाच्या सीमेवरच्या सादाराकला आर्मेनियाशी लढाई झाली. त्याच महिन्यात २८ तारखेला तुर्कस्तानच्या त्या चिमुकल्या सीमेवर आरासवर पूल खुला झाला, उमुत नाव आहे, म्हणजे आशा. त्या पुलावरून पीठ आणि डिझेल आलं तेव्हा माणसं जगली. हैदर अलियेव त्या काळात तिथेच होते, नखचिवानमध्येच जन्मलेले, मॉस्कोतून पायउतार होऊन गावी परतलेले, तिथल्या मजलिसचे अध्यक्ष झाले आणि १९९३ मध्ये तिथूनच बाकूला जाऊन राष्ट्राध्यक्ष. त्यांच्याआधीचे राष्ट्राध्यक्ष एल्चिबे, तेही ऑर्दूबादकडच्या केलेकी गावचे, सत्ता गेल्यावर गावातच येऊन राहिले. एवढ्याशा मुलखाने दोन राष्ट्राध्यक्ष दिलेत, लग्नात हे तुला किमान दहा जण सांगतील.

गॅसचा प्रश्न सुटला तो इराणमुळे, २००५ पासून. अझरबैजान कॅस्पियनकाठच्या सीमेवर आस्ताराला इराणला गॅस देतो आणि इराण तेवढा गॅस ज्युल्फाकडून नखचिवानला सोडतो, कमिशन कापून. आता २०२५ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानच्या इगदिरवरून थेट पाईपलाईनही झाली. म्हणजे चूल पेटायची तर कधी इराणची मर्जी, कधी तुर्कस्तानची. आणि प्रवास, तर विमान, नाहीतर इराणमधून बस. कोविडच्या वेळी मार्च २०२० मध्ये अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा बाहेरून येणाऱ्या साध्या प्रवाशांना बंद केल्या त्या तशाच ठेवल्यात, त्यामुळे येताना इराण बघत येते वगैरे काही डोक्यात आणू नकोस, आली तशी विमानानेच परत जा.

एक गाव आहे कार्की, ते तर मला रात्री झोपू देत नाही. नखचिवान हा मुख्य देशापासून तुटलेला, आणि कार्की हे नखचिवानपासूनही तुटलेलं, आर्मेनियाच्या आतलं छोटंसं बेट, एकोणीस चौरस किलोमीटर. जानेवारी १९९० मध्ये ते आर्मेनियाने घेतलं, गावातल्या अझेरी लोकांना मग अझरबैजानने नखचिवानमध्ये नवं कार्की वसवून दिलं. आणि येरेवानहून इराणकडे जाणारा हायवे नेमका जुन्या कार्कीतून जातो. म्हणजे एकाला हवा असलेला रस्ता दुसऱ्याच्या गावातून, आणि दुसऱ्याला हवा असलेला रस्ता पहिल्याच्या प्रांतातून.

काराबाखवरून पुन्हा युद्ध झालं, त्यानंतरच्या नोव्हेंबर २०२० च्या युद्धबंदी करारात नवव्या कलमात लिहिलं की आर्मेनिया अझरबैजानच्या मुख्य भागातून नखचिवानला जाणारी वाहतूक सुरक्षित ठेवेल. बाकूने त्याला झंगेझूर कॉरिडॉर म्हणायला सुरुवात केली, येरेवानला तो शब्दच मान्य नाही, ते म्हणतात रस्ता द्यायला तयार आहोत पण कस्टम आणि पासपोर्ट आमचा. ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अझरबैजानचे इल्हाम अलियेव, हैदर यांचा मुलगा, आणि आर्मेनियाचे पाशिन्यान दोघं बसले आणि मेघ्रीतल्या त्या पट्ट्यावर अमेरिकेच्या मदतीने रेल्वे आणि रस्ता करायचं ठरलं, ट्रम्प यांचं नावही दिलंय त्याला. अझरबैजानच्या बाजूने होरादिझपासून आगबंदपर्यंत लाईन टाकायचं काम चालूच आहे. मेघ्रीतले जुने रूळ केव्हाच उखडलेत, सगळं मुळापासून करावं लागेल. माझं मत विचारशील तर हा रस्ता झाला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना झाला पाहिजे, येरेवानची गाडीही नखचिवानमधून पुन्हा ज्युल्फाला गेली पाहिजे. एकतर्फी वाट कधी टिकत नाही, ज्याला काही मिळत नाही तो पहिल्या संधीला ती बंद करतो.

आता थोडं सांभाळून राहण्याबद्दल. मे २०२५ पासून आपल्याकडे अझरबैजानवर लोकांचा राग आहे, पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून, मलाही कॉलनीत विचारतात की मुलगी तिथे कशाला. आणि तिकडच्या लोकांना हे माहीत असतं की भारताने आर्मेनियाला पिनाका रॉकेट विकलीत, ती पुण्यात डिझाईन झालेली आहेत. कोणी विचारलं तर उखडू नकोस आणि माफीही मागू नकोस. ऐकून घे. ज्या माणसाने १९९२ चा हिवाळा काढलाय त्याचं बोलणं आपण ऐकावं, तो काय म्हणतो ते पटलं नाही तरी. तसंच येरेवानचा कोणी भेटला तर त्याचंही.

घेऊन काय येशील, तर ऑर्दूबादची लिंबं प्रसिद्ध आहेत, आणि तिथले वाळवलेले जर्दाळू. ऑर्दूबादच्या जुन्या गल्लीत भलामोठा चिनार आहे, त्याच्याखाली चहा पी. पैसे जपून, थंडीचे कपडे बरोबर ने, डोंगरात संध्याकाळी एकदम गारठा पडतो.

आणि माझं एक काम. ज्युल्फाला जाणं झालं तर स्टेशन बघून ये. सीमेला लागून आहे त्यामुळे मैत्रिणीच्या घरच्यांना विचारल्याशिवाय जाऊ नकोस आणि फोटो तर परवानगीशिवाय अजिबात काढू नकोस. तिथे सोव्हिएत लाईनीचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,५२० मिलिमीटर आणि पूल ओलांडून इराणमध्ये गेलं की १,४३५, म्हणजे डबा उचलून खालच्या चाकांच्या बोगी बदलाव्या लागतात नाहीतर माल एका वॅगनमधून दुसऱ्या वॅगनमध्ये भरावा लागतो. मनमाडला मीटर गेज होतं तेव्हा आमचे हमाल तेच करायचे, एका बाजूला ब्रॉड गेजची रेक, दुसऱ्या बाजूला मीटर गेजची, आणि मधे पोती. ज्युल्फाला ती व्यवस्था अजून चालू आहे का, यार्डात किती लाईनी आहेत, इराणकडून आलेल्या वॅगन उभ्या दिसतात का, एवढं कोणाकडून तरी विचारून मला कळव.

तुझा,
बाबा